पाच वर्षांचा पेढा

माझ्या धाकट्या बहिणीच्या टाळूवर एक बारीक गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून बरेच दिवस अंगावर काढली. मग बायॉप्सी, ऑपरेशन, रेडिएशन. पाच वर्षं सुखरूप गेली तेव्हा तिनं पेढे वाटले. "ताई, सुटले गं!" म्हणाली. मीही पेढा खाल्ला. पुढे तिनं तपासणीला जाणं सोडलं. आठव्या वर्षी छातीच्या एक्स-रेत डाग दिसले.

तेव्हा कुठे मी तिचा जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट नीट वाचला आणि डॉक्टरांकडून समजून घेतला. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. शिवाय टाळू, ओठ, गाल इथे शेकडो बारीक ग्रंथी. कानापुढच्या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. बारीक ग्रंथींतल्या गाठींत मात्र कॅन्सरचं प्रमाण जास्त.

आणि लाळग्रंथींचा कॅन्सर हा काही एकच आजार नव्हे. त्याचे वीसहून अधिक प्रकार आहेत. काही सौम्य प्रकार ऑपरेशननं बहुधा कायमचे बरे होतात, काही झपाट्यानं पसरतात. बहिणीचा होता अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. हा मोठा चिवट. सावकाश वाढतो, पण नसांच्या कडेकडेनं लांबवर सरकतो, आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुफ्फुसात डोकं वर काढू शकतो. रिपोर्टात 'नसेत शिरकाव' असं लिहिलेलं होतं. आम्ही ते वाचलंच नव्हतं!

मला वाटतं, आपली चूक इथेच होते. पाच वर्षांचा आकडा डॉक्टरांना तुलनेसाठी सोयीचा. आपण त्याला परीक्षेच्या पस्तीस मार्कांसारखं धरतो. पार केले की पास! पण इथे प्रत्येक प्रकाराची परीक्षा वेगळी. काहींची तर संपतच नाही. म्हणून 'किती वर्षं?' एवढंच विचारू नये. प्रकार कोणता, ग्रेड काय, कडा मोकळ्या आहेत का, नसेत गेलाय का, आणि तपासणी कधीपर्यंत, हेही विचारावं. डॉक्टरांनीही ते साध्या मराठीत कागदावर लिहून द्यावं.

या आजाराच्या संथपणात थोडी दयाही आहे. फुफ्फुसात डाग असूनही अनेक जण वर्षानुवर्षं जगतात. बहिणीचे डाग गेली दोन वर्षं जवळपास तसेच आहेत. दिवाळीच्या चकल्या तिनंच केल्या, आणि माझ्या बिघडल्या म्हणून हसलीही.

असो. पेढे जरूर वाटा मंडळी. पण पुढच्या तपासणीची तारीख घेऊन मगच.