बंद पडलेल्या यंत्राचा पंचनामा

२००४ साली केंद्र शासनाच्या एका विभागातील संगणक केंद्राचा प्रशासकीय कार्यभार माझ्याकडे होता. प्रशासकीय म्हणजे नेमणुका, पाळ्या, खरेदी, देखभालीचे करार आणि सकाळी साडेनऊला येणारे वरिष्ठांचे फोन. यंत्राच्या आतले मला कळत नव्हते. माझे शिक्षण अर्थशास्त्राचे आणि तोवरची नोकरी फाइलींची. त्या केंद्रातील मेनफ्रेमवर निवृत्तिवेतनाचे मासिक काम चाले. महिनाअखेरच्या एका रात्री ती मधेच थिजली. पाळीवरच्या ऑपरेटरने ती तत्काळ पुन्हा सुरू केली, काम थोड्या उशिराने पूर्ण झाले आणि सकाळच्या अहवालात 'यंत्रणा पूर्ववत' एवढे दोन शब्द आले. मी त्या ऑपरेटरचे कौतुक केले. पुढच्या महिनाअखेरीस पुन्हा तेच घडले. कौतुकही पुन्हा झाले.

तिसऱ्या वेळी पाळीवर एक ज्येष्ठ ऑपरेटर होते, निवृत्तीला चार महिने राहिलेले. त्यांनी यंत्र लगेच सुरू केले नाही. आधी पस्तीस मिनिटे दुसरेच काहीतरी केले, मग सुरू केले. त्या पस्तीस मिनिटांमुळे बँकांकडे जाणाऱ्या याद्या सकाळच्या ठरलेल्या वेळेत निघाल्या नाहीत, वरून विचारणा झाली, आणि विनापरवानगी विलंबाबद्दल खुलासा मागणारा मेमो निघाला. तो माझ्या सहीने निघाला.

त्यांचे उत्तर चार ओळींचे होते. यंत्रणा थिजल्यास पुन्हा सुरू करण्यापूर्वी मेमरी डंप घ्यावा अशी केंद्राच्या कार्यपुस्तिकेत सूचना आहे. त्यानुसार डंप घेतला. त्यास पस्तीस मिनिटे लागली. कार्ट्रिजचा क्रमांक नोंदवहीत आहे. कार्यपुस्तिका आमच्याच कार्यालयाने मंजूर केलेली होती. मी ती उघडूनही पाहिलेली नव्हती.

मेमरी डंप म्हणजे काय, हे मग मी त्यांच्याकडूनच शिकलो. यंत्र चालू असताना त्याच्या मेमरीत हजारो गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात: कोणता प्रोग्राम कोणत्या आज्ञेवर आहे, कोणी कोणती फाइल अडवून ठेवली आहे, कोण कोणाची वाट पाहत आहे. यंत्र पुन्हा सुरू केले की हे सारे पुसले जाते. पुसले जाण्याआधी ते जसेच्या तसे डिस्कवर किंवा टेपवर उतरवून घेणे म्हणजे डंप. जुने लोक त्याला 'कोअर डंप' म्हणतात, कारण पूर्वी मेमरी चुंबकीय कड्यांची असे आणि त्या कड्यांना कोअर म्हणत. कड्या केव्हाच गेल्या, शब्द राहिला. आमच्याकडे दौतटाक गेले तरी 'शाईफेक टाळावी' छापाच्या सूचना फॉर्मवर राहतात, तसे.

डंप एका प्रकारचा नसतो. एखादाच प्रोग्राम कोसळला तर त्याच्यापुरता डंप आपोआप निघतो, अर्थात त्या कामाच्या पत्रकात तशी ओळ आधीच लिहिलेली असेल तर. एखादे काम अडकले आणि बाकी यंत्रणा चालू असेल, तर ऑपरेटर कन्सोलवरून 'डंप' ही आज्ञा देतो. यंत्रणा उलट विचारते की कशाचा डंप हवा, आणि त्या प्रश्नाला क्रमांकासह उत्तर द्यावे लागते. शेवटी डंप पूर्ण मिळाला की अपुरा, असा संदेश येतो. तो वाचणे हाही कामाचा भाग आहे. जागा संपल्यामुळे अर्धवट राहिलेला डंप आठ दिवसांनी उघडून हळहळण्यात अर्थ नसतो.

यातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर अडकलेले काम ऑपरेटरला रद्द करता येते. त्या आज्ञेत नुसते 'कॅन्सल' आणि कामाचे नाव दिले, तर काम २२२ या संकेतांकाने संपते. त्याच आज्ञेच्या शेवटी स्वल्पविराम देऊन 'डंप' हा शब्द जोडला, तर ते १२२ या संकेतांकाने संपते आणि मागे पुरावा राहतो. दोन्हींत काम संपतेच. फरक एका शब्दाचा. पुढे एकदा आमच्या केंद्राच्या मागील सहा महिन्यांच्या नोंदी मी काढायला लावल्या, तेव्हा रद्द केलेल्या कामांत १२२ जवळजवळ नव्हतेच. सगळीकडे २२२.

सर्वांत अवघड प्रकार तिसरा, जो त्या रात्री घेतला गेला. संपूर्ण यंत्रणाच थिजली की ती कन्सोलवरच्या आज्ञेला उत्तर देत नाही. अशा वेळी एक स्वतंत्र छोटा प्रोग्राम बाहेरून लोड करावा लागतो, जो आधीच्या यंत्रणेची मेमरी उतरवून घेतो. त्याला 'स्टँडअलोन डंप' म्हणतात. त्याची रीत ऐकताना मला पोलीस पंचनाम्याची आठवण झाली. प्रथम पडद्यावर थांबल्याचा जो संकेतांक दिसतो तो कागदावर लिहून घ्यायचा. मग 'स्टोअर स्टेटस' करायचे, म्हणजे प्रोसेसर नेमका कोठे थांबला ही त्याच्या स्वतःच्या पोटातली माहिती जपली जाते. त्यानंतर डंपचा प्रोग्राम लोड करायचा. येथे 'नॉर्मल' आणि 'क्लिअर' असे दोन पर्याय समोर येतात. 'क्लिअर' निवडले की मेमरी पुसली जाते आणि ज्यासाठी एवढा खटाटोप तेच नाहीसे होते. पहाटे तीनला, दोन फोन वाजत असताना, आठ वर्षांत एखाद्या वेळी करावयाची ही कृती आहे. म्हणून त्या ऑपरेटरांनी सर्व पायऱ्या एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून कन्सोलच्या बाजूला टांगल्या होत्या. आमची मंजूर पुस्तिका कपाटात कुलूपबंद होती.

आणखी एक अडचण प्रशासनाचीच होती. डंप उतरवायला जागा आधी राखून ठेवावी लागते; ऐन वेळी ती तयार करायला सवड नसते. डंपसाठी राखलेल्या डिस्क रिकाम्या दिसतात, कारण त्या रिकाम्याच असायला हव्यात. अंतर्गत लेखापरीक्षणाने आदल्या वर्षी त्यावर आक्षेप घेतला होता की महागडी साधनसामग्री निष्क्रिय पडून आहे. आक्षेप निकाली काढण्यासाठी त्या डिस्क अन्य कामास दिल्या गेल्या. म्हणूनच त्या रात्रीचा डंप टेपवर घ्यावा लागला आणि पस्तीस मिनिटे लागली. अग्निशामक बंबात पाणी भरून ठेवल्याबद्दल कोणी आक्षेप घेत नाही. डिस्कच्या बाबतीत मात्र आम्ही तो घेतला आणि मान्यही केला.

डंपमधून काय निघाले? यंत्रणेत सर्व प्रोग्रामांना सामायिक असा मेमरीचा एक भाग असतो. कोणी त्यातून तुकडा मागितला तर वापरून परत करणे अपेक्षित असते. कोणी किती घेतले याची नोंद ठेवण्याची सोय आमच्याकडे सुदैवाने चालू होती. एक लहानसा प्रोग्राम दररोज थोडे थोडे घेत होता आणि परत करत नव्हता. चारेक आठवड्यांत सामायिक भाग संपे आणि सारे थिजे. यंत्र पुन्हा सुरू केले की तो भाग कोरा होई आणि पुढचे चार आठवडे सुरळीत जात. आम्ही तोवर 'महिनाअखेरचा ताण' हे निदान ठरवून टाकले होते आणि यंत्र पुरवणाऱ्या कंपनीशी जास्त क्षमतेविषयी कडक पत्रव्यवहार चालवला होता. तो लहानसा प्रोग्राम कंपनीचा नव्हता. आमच्याच केंद्रात लिहिलेला, आमच्याच मंजुरीने बसवलेला होता. दुरुस्ती एका दुपारी झाली.

दोन ऑपरेटरांचे मी कौतुक केले होते, त्यांनी पुरावा पुसला होता. एकाला मेमो दिला होता, त्याने तो वाचवला होता. यात त्या दोघांची चूक मी मानत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात बाह्यतेचा सिद्धांत शिकवतात: ज्याचा खर्च एकावर पडतो आणि लाभ दुसऱ्यांना होतो, ती गोष्ट समाजाच्या गरजेपेक्षा कमी घडते. डंप घेण्याचा खर्च, म्हणजे ती मिनिटे, तो उशीर, ते फोन, हे सर्व पाळीवरच्या माणसावर पडते. लाभ महिन्याने, दुसऱ्याच कोणाला होतो, आणि तोही न घडलेल्या बिघाडाच्या रूपाने, म्हणजे अदृश्य. देखभालीच्या करारात आम्ही बंद काळाच्या प्रत्येक मिनिटाला दंड लावला होता आणि पुराव्याला काहीच किंमत ठेवली नव्हती. पुस्तिका सांगत होती 'डंप घ्या', करार सांगत होता 'घेऊ नका'. अशा वेळी माणूस करार पाळतो.

म्हणून माझे मत असे झाले आहे की ऑपरेटरांना प्रशिक्षण कमी पडते ही नेहमीची तक्रार दुय्यम आहे. मुख्य प्रश्न अधिकाराचा आहे. पहाटे तीनला यंत्र आणखी अर्धा तास बंद ठेवण्याचा निर्णय कोणाचा? तो पाळीवरच्या ऑपरेटरचा आहे, त्यासाठी कोणालाही उठवावे लागणार नाही आणि त्याबद्दल खुलासा मागितला जाणार नाही, असे वरिष्ठाच्या सहीने लेखी दिलेले नसेल, तर कार्यपुस्तिकेतील ती सूचना केवळ आमच्या बचावासाठी लिहिलेली आहे.

हे अशक्य नाही, कारण आपल्याच देशात एका जुन्या खात्याने हा पेच फार पूर्वी ओळखला आहे. रेल्वे अपघातानंतर जखमींची सुटका सर्वांआधी. पण त्यानंतर मार्ग मोकळा करण्याची घाई आणि अपघाताच्या खुणा जपण्याची गरज यांचा झगडा सुरू होतो. रेल्वेच्या नियमांत खुणा जपण्याची तरतूद आहे, आणि जागेवरचे वेगवेगळ्या शाखांचे पर्यवेक्षक एकत्र टिपण करून त्यावर सह्या करतात. गंभीर अपघाताची चौकशी करणारे रेल्वे संरक्षा आयुक्त तर रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, म्हणजे गाड्या सुरू करण्याची घाई ज्यांना आहे त्यांच्याकडे चौकशी नाही. प्रत्यक्षात हे नेहमी नीट पाळले जाते असा माझा दावा नाही. पण निदान तत्त्व मान्य आहे. संगणक केंद्रांत ते मान्य व्हायचे आहे. २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी १८० दिवसांचे लॉग जपणे बंधनकारक केले, हे चांगलेच झाले. परंतु लॉग म्हणजे रोजनिशी; शेवटच्या क्षणी यंत्राच्या मनात काय होते ते रोजनिशीत असेलच असे नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्या वेळी तो आम्हांला सुचलाच नव्हता. डंपमध्ये सर्व काही असते. त्या कार्ट्रिजवर निवृत्तिवेतनधारकांची नावे होती, बँक खात्यांचे क्रमांक होते, कदाचित पासवर्डही असतील. आम्ही ते कापडी पाकिटात घालून कुरिअरने कंपनीकडे पाठवले. परत आले की नाही, हे मला आजही माहीत नाही. आज, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर, कोणी असे केले तर मी त्यालाही मेमो देईन, आणि तो योग्य असेल. मायक्रोसॉफ्टच्या ई-मेल सेवेतील २०२३ च्या घुसखोरीनंतर त्या कंपनीने प्रथम सांगितले की सही करण्याची गुप्त किल्ली बहुधा २०२१ मधल्या एका क्रॅश डंपमधून बाहेर गेली असावी. मार्च २०२४ मध्ये मात्र असा डंप सापडलेला नाही अशी दुरुस्ती केली. किल्ली डंपमधून गेली असो वा नसो, ती तशी जाऊ शकते हे एवढ्या मोठ्या कंपनीला संभवनीय वाटले, एवढे पुरे आहे. आयबीएमने २०१९ मधल्या आपल्या मेनफ्रेमबरोबर डंपमधील संवेदनशील भाग वेगळा ओळखून गाळण्याची सोय आणली, ती याच गरजेतून. तेव्हा डंप घ्यावा, पण त्याची नोंदवही असावी, तो कूटबद्ध असावा, कोणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक असावे आणि नष्ट करण्याची तारीख ठरलेली असावी. मुद्देमालाचे नियम पोलीस ठाण्यात आहेतच. गोपनीयतेच्या नावाखाली डंपच घ्यायचा नाही, ही पळवाट मात्र मला दिसू लागली आहे. पंचनाम्यात नावे येतात म्हणून कोणी पंचनामा टाळत नाही.

त्या मेमोचे पुढे काय झाले ते सांगतो. तो मागे घ्यावा अशी टिप्पणी मी सादर केली. आस्थापना शाखेने कळवले की खुलासा मान्य करता येतो, दिलेला मेमो परत घेण्याची पद्धत नाही. त्यामुळे 'खुलासा मान्य, प्रकरण दप्तरी दाखल' असा शेरा पडला आणि मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन तोंडी दिलगिरी व्यक्त केली. ते म्हणाले, "साहेब, दिलगिरीचे राहू द्या, डिस्क परत द्या."

डिस्क परत मिळाल्या. डंप घेण्यात गेलेला वेळ दंडासाठी बंद काळात धरू नये, असे कलम नव्या करारात घालण्याचा प्रस्ताव मी पाठवला. वित्त शाखेची पृच्छा आली की या कलमामुळे शासनाचा नेमका किती आर्थिक फायदा होईल. मी दीड पान लिहिले. कलम मंजूर झाले, पण प्रत्येक वेळी पंचेचाळीस मिनिटांच्या मर्यादेसह. ते घेऊन मी पुन्हा त्या ऑपरेटरांकडे गेलो. त्यांच्या निवृत्तीचा शेवटचा आठवडा होता. त्यांनी वाचले आणि विचारले, पुढच्या वर्षी मेमरी वाढवणार आहात ना? मेमरी वाढली की डंपचा वेळही वाढेल, तेव्हा ही मर्यादा बदलावी लागेल, ते आत्ताच फाइलवर लिहून ठेवा. मी लिहून ठेवले.