ग्रंथीचा तुकडा आणि घाईचें अनुमान

खर्ड्याच्या शेतकऱ्यास ग्रंथींचें शास्त्र शिकवावयास नको. गोऱ्हा वेळींच खच्ची केला म्हणजे त्याची मस्ती जाते, वशिंड वळूसारखें भरत नाहीं आणि तो निमूटपणें जुवाखालीं येतो, हें त्यास ठाऊक असतें. एक लहानसा अवयव गेला कीं सारा देह पालटतो. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका नांवाची ग्रंथी असते; तिच्याविषयीं हीच गोष्ट विद्वानांस मात्र फार उशिरां कळली.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें हार्वे कुशिंग व त्यांचे सहकारी यांनीं 1910 सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ही ग्रंथी समूळ काढलेलीं कुत्रीं थोड्याच दिवसांत मरत. तिच्या पुढील भागाचा कांहीं अंश राखला तर जगत. परंतु मग पिलें वाढत नसत, वयांत येत नसत, अंगानें मात्र लठ्ठ होत. यावरून, ग्रंथीवांचून प्राण राहात नाहीं आणि ती उणी झाली कीं चरबी चढते, अशीं दोन अनुमानें निघालीं. दोन्ही चुकलीं!

पुढें 1920 नंतरच्या दशकांत फिलिप स्मिथ यांनीं शेजारच्या मेंदूस धक्का न लावतां उंदरांची ग्रंथी काढली. उंदीर जगले. त्यांची वाढ खुंटली, गळ्यांतील व मूत्रपिंडांवरील ग्रंथी आणि जननेंद्रियें सुकलीं. पण ते लठ्ठ झाले नाहींत. लठ्ठपणा येई तो ग्रंथीच्या देठालगतच्या मेंदूस इजा झाली म्हणजे. रोज ताज्या ग्रंथीचे तुकडे अंगांत घातले, तेव्हां तेच उंदीर पुन्हां वाढूं लागले.

कुशिंग यांस हिणविण्याचा आमचा हेतु नाहीं. इतक्या अडचणीच्या जागीं शस्त्र चालविणें सोपें नव्हे. आमची तक्रार, "ग्रंथी काढली, प्राणी लठ्ठ झाला," असें एका ओळींत लिहून मोकळें होण्याच्या खोडीविषयीं आहे. कापलें काय, एवढेंच न विचारतां, कापतांना आणखी काय दुखावलें, हेंहि विद्यार्थ्यानें विचारलें पाहिजे. मुक्या पिलाचे हाल झाले ते झालेच. त्यांतून खोटें अनुमान काढणें म्हणजे ते हाल फुकट घालविणें होय.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, मुळांत असे प्रयोग करावेच कां? प्रश्न रास्त आहे. पीयूषिका काढलेल्या कुत्र्यांवरूनच मधुमेहाचें एक कोडें उलगडलें व त्याबद्दल बर्नार्दो उसाय यांस 1947 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि ज्ञान दुसऱ्या वाटेनें मिळत असेल तेथें शस्त्र उचलूं नये, असें आमचें मत आहे. केवळ हात बसावा म्हणून प्राण्यांवर प्रयोग शक्यतों होऊं नयेत, हें तत्त्व आपल्या देशाच्या 1960 च्या कायद्यांतहि आलें आहे.