काळ्या पेस्टचे पांढरे दात

लग्नसराईच्या तोंडावर वर्तमानपत्रांतून ज्या जाहिराती अवतरतात, त्यांत दागिने, शालू आणि मंगल कार्यालये यांच्या पंगतीला अलीकडे दातही येऊन बसले असून, या आठवड्यात झळकलेल्या एका जाहिरातीत वधू, वर आणि दोघांच्या माता अशा चौघांचे दात एकत्रित सवलतीत शुभ्र करून देण्याची हमी होती. वधुपिता आणि वरपिता यांना या योजनेतून का वगळले, याचा खुलासा जाहिरातीत नव्हता. तथापि महाराष्ट्रातील तंबाखूचा खप पाहता ते प्रकरण हाताबाहेरचे मानले गेले असावे, असा तर्क करण्यास वाव आहे.

वस्तुस्थिती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. दाताचे बाहेरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, हे अर्धपारदर्शक असते आणि त्याच्या आतील डेंटीन नावाचा थर मुळातच पिवळसर असतो, त्यामुळे निरोगी दातातही पिवळी झाक असते आणि वयाबरोबर कवच झिजू लागले की ती अधिक दिसू लागते. डाग दोन प्रकारचे असतात. चहा, कात, तंबाखू, लोहाचे पातळ औषध किंवा क्लोरहेक्सिडीन हे द्रव्य असलेले गुळणीचे औषध यांचे डाग बाहेरून चढतात. दुसऱ्या प्रकारचे डाग दात घडत असतानाच आत मुरतात. बालपणी दिलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकामुळे ते पडतात, तसेच यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांप्रमाणे जेथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते, तेथेही मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक आहे. असे पट्टे कितीही घासले तरी जात नाहीत, कारण ते दातावर नसून दातात असतात.

उद्वेगजनक बाब निराळीच आहे. शुभ्रतेसाठी बाजारात सध्या जी पेस्ट आग्रहाने खपवली जाते, ती कोळशाची असून रंगाने डांबरासारखी काळी आहे. ज्या समाजाला गोवरीची राखुंडी आणि कोळशाची पूड सोडून सुधारा, पांढरी पेस्ट वापरा, असा उपदेश जाहिरातींनी दोन पिढ्या केला, त्याच समाजाला तोच कोळसा नळीत भरून कित्येक पट किमतीला विकला जावा आणि त्याने तो कौतुकाने विकत घ्यावा, हा व्यापारशास्त्रातील स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. कोळशाने दाताचा मूळ रंग उजळतो असा भरवशाचा पुरावा नाही. भरड पूड वरचा डाग खरवडते एवढे खरे. पण रोज जोर लावल्यास ती डागाबरोबर कवचही झिजवते आणि मग आतला पिवळा थर अधिकच दिसू लागतो, म्हणजे खर्च करून उलट फळ पदरात पडते. लिंबू आणि मीठ यांचा घरगुती प्रयोग याहून बरा नव्हे, कारण तोंडातील आम्लता वाढून सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते, आणि लिंबाचा रस त्या मर्यादेच्या पुष्कळच खाली असतो. काही पेस्टमध्ये एक निळे रंगद्रव्य असते, ते पांढऱ्या धोतराला दिलेल्या निळीप्रमाणे पिवळेपणा केवळ नजरेपुरता झाकते. त्यातल्या त्यात ही फसवणूक निरुपद्रवी म्हणावी लागेल.

खरोखर रंग बदलणारे द्रव्य म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा ते सावकाश सोडणारे कार्बामाइड पेरॉक्साइड. हे कवचातून आत झिरपते आणि रंगीत रेणूंचे तुकडे करते. दात काही दिवस ठणकतात, हिरड्यांना चुरचुर होते, आणि बसवलेली टोपी वा सिमेंट यांचा रंग मात्र जराही हलत नाही, ही गोष्ट रुग्णाला बहुधा नंतर कळते. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली प्रसाधने केवळ दंतवैद्यामार्फतच देता येतात. दंतवैद्यांकडे नैसर्गिक दातांच्या १६ छटांची एक प्रचलित पट्टी असते; पण गिऱ्हाइकांची मागणी तिच्या सर्वांत उजळ छटेवरही थांबेना, तेव्हा निसर्गात सहसा न आढळणाऱ्या छटांच्या निराळ्या पट्ट्या निघाल्या.

येथे एका जुन्या प्रथेचा ओझरता उल्लेख करणे आवश्यक होते, परंतु ती ओझरती राहण्याजोगी नाही. याच महाराष्ट्रात एके काळी लग्न झालेल्या स्त्रीचे दात काळेभोर असणे हे सौंदर्याचे आणि सौभाग्याचे लक्षण मानले जाई, आणि त्यासाठी दातवण नावाची पूड दातांना लावली जाई. हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, आणि हिरडा किंवा मायफळ यांसारखा तुरट पदार्थ हे तिचे मुख्य घटक. तुरट पदार्थातील टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग धरतो, आणि बोरूने लिहिण्याची काळी शाईही याच रसायनाने करता येते. जपानात विवाहित स्त्रिया ओहागुरो या नावाने हेच करीत, आणि तेथेही शिरक्यात मुरवलेले लोखंड आणि मायफळासारख्या गाठींची पूड हीच जोडी होती. मेजी सरकारने १८७० मध्ये सरदार घराण्यांना ही प्रथा बंद करण्यास सांगितले, १८७३ मध्ये सम्राज्ञीने ती स्वतः सोडली, आणि त्यानंतर पांढरे दात तेथे सुधारणेची खूण ठरले. महाराष्ट्रातील दातवण कोणत्याही हुकुमाविना मागे पडले.

मशेरी मात्र गेली नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरून पत्र्याच्या डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांवरून व हिरड्यांवरून सावकाश फिरवायची, हा क्रम कित्येक घरांत आजही दात घासणे याच नावाखाली चालतो, आणि घरातल्या कर्त्या बाईला कोणी व्यसनी म्हणत नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे. परंतु घरच्या तव्याला हा नियम कोण लावणार? मशेरीचे डाग दंतवैद्य एका बैठकीत खरवडून काढू शकतो, आणि त्या बैठकीची पावती फाडणाऱ्यांपैकी फारच थोडे जण डबीची चौकशी करतात.