नाव म्हणजे वस्तू नव्हे

संगणकातील फाईल आवळून लहान करणाऱ्या व पुन्हा उलगडणाऱ्या ‘जीझिप’ आणि ‘बीझिप-२’ या दोन आज्ञावलींत २००५ साली एकच दोष उघडकीस आला. फाईल उलगडून बंद केल्यावर, ती कोणी वाचावी वा बदलावी याची परवानगी आज्ञावली केवळ नावावरून लावीत असे. या दोन क्रियांमध्ये क्षणार्धाचे अंतर राही. सर्वांस मुभा असलेल्या सामाईक फोल्डरात तेवढ्या अवधीत एखादा लबाड मनुष्य ती फाईल काढून तेच नाव त्याच मालकाच्या खासगी फाईलीस जोडू शके. मग पहिलीची सैल परवानगी दुसरीस लागू होऊन खासगी मजकूर उघडा पडे. यासच शर्यतीचा दोष म्हणतात.

क्षणार्धाने काय बिघडते, असे म्हणणे योग्य नव्हे. संगणकास तेवढा काळ पुष्कळ असतो, आणि लबाडास पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येतो. दोषाचे मूळ नावावरील आंधळ्या विश्वासात आहे. पुढील आवृत्त्यांत फाईल बंद करण्यापूर्वीच, नावाचा आधार न घेता, प्रत्यक्ष तिलाच परवानगी लावली जाऊ लागली. उपाय इतका साधा होता. म्हणूनच संगणकविद्येच्या विद्यार्थ्यास हा धडा आरंभीच दिला पाहिजे.