निळा धूर म्हणजे टर्बो गेला?
बाबांची जुनी डिझेल गाडी निळा धूर सोडू लागली की गॅरेजचं उत्तर ठरलेलं: ‘टर्बो गेला, बदला.’ जरा थांबा.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याचं सील रबराचं नसतं. धातूची बारीक रिंग असते आणि ती हवेच्या दाबाच्या जोरावर तेल अडवते. म्हणून ऑइल परतीचा पाइप तुंबला, इंजिनाचा ब्रीदर चोंदला किंवा एअर फिल्टर भरला, तर चांगला टर्बोही तेल सोडतो. (आमच्या कोडसारखंच, एरर एकीकडे, चूक भलतीकडे!) आधी हे तिन्ही बघा. शाफ्ट हलवल्यावर पाती आत घासत असतील, तर मात्र टर्बो गेलाच.

तोवर गाडी दामटू नका. तेच तेल पिऊन इंजिन चावी काढल्यावरही सुसाट चालू राहू शकतं. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा.