इंटरनॅशनल म्हणजे नक्की कुठली?

दादाची तोक्योची बदली एकदाची पक्की झाली. पाच वर्षांसाठी, वहिनी आणि दोन्ही पोरांसकट. गेल्या रविवारी बदलापूरला सगळे जेवायला जमलो होतो आणि मटणाचा रस्सा संपायच्या आत माझं आणि दादाचं जोरदार वाजलं. विषय एकच, सात वर्षांच्या पुतणीला शाळा कुठली? दादाचं उत्तर तयारच होतं, "इंटरनॅशनल. अजून काय?"

मी म्हटलं, "घराजवळची सरकारी." घरात अशी शांतता पसरली की जणू मी पोरीला कामाला लावा म्हटलंय!

आधी त्या शब्दाचंच बघू. आपल्याकडे अंबरनाथ-बदलापूरला नवं संकुल उभं राहिलं की शेजारी एक 'इंटरनॅशनल' शाळा उगवते. तिथे परदेशी कोण असतं? फार तर नेपाळी वॉचमन. मूळ कल्पना मात्र वेगळी होती. जिनिव्हाची इंटरनॅशनल शाळा 1924 मध्ये सुरू झाली, ती राष्ट्रसंघाच्या आणि कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या पोरांसाठी. आज जिनिव्हा, उद्या आणखी कुठे, अशी ती मंडळी. पोरांना कुठेही चालेल असं प्रमाणपत्र हवं, म्हणून पुढे 1968 मध्ये आयबी आलं. म्हणजे ही सोय सतत गाव बदलणाऱ्यांची आहे. आमचा दादा पाच वर्षं एका शहरात, एका फ्लॅटमध्ये राहणार. त्याला राजदूताच्या पोरांची शाळा कशाला?

दादाचा युक्तिवाद असा : तोक्योत भारतीय शाळा आहेत, सीबीएसई आहे, परत आल्यावर पोरीचं वर्ष वाया जाणार नाही. खरं आहे. तिथली पहिली भारतीय शाळा 2004 मध्ये निघाली, दुसरी मोठी 2006 मध्ये. वायटूकेच्या आसपास आपले इंजिनियर तिकडे गेले आणि एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला स्थिरावले. तोझाई लाईनने ओतेमाचीची ऑफिसं जवळ, आणि सरकारी यूआरच्या घरांना ना जामीनदार लागतो ना घरमालकाला 'भेट' द्यावी लागते. पोरं मोठी झाली, शाळा हवी झाली. गरज खरी होती. पुढे तर जपानी पालकही भारतीय गणिताच्या कौतुकाने अशा शाळांच्या दारात उभे राहिले. त्या शाळांवर माझा राग नाहीच. राग आहे तो विचार न करता तिकडे धावण्यावर.

मी स्वतः प्रोजेक्टसाठी चौदा महिने निशी-कासाईत काढलेत. माझ्या बिल्डिंगमधला आपलाच एक मुलगा, वय नऊ, जपानमध्ये चौथं वर्ष. सकाळी लांबच्या शाळेला जायचा, संध्याकाळी यायचा. खाली बागेत जपानी पोरं दंगा घालायची आणि हा कट्ट्यावर बसून बघायचा. भाषाच येत नव्हती हो! त्याच्याच वयाची पोरं पाठीला ती चौकोनी दप्तरं लावून टोळीने चालत शाळेत जायची, वर्ग स्वतः झाडायची. चार वर्षं! एवढ्या काळात तो जपानी मुलासारखा बोलला असता.

आता हिशोब. जपानमध्ये परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, पण पालकांनी मागितलं तर सरकारी प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळेत फुकट प्रवेश मिळतो, पाठ्यपुस्तकंही फुकट. इंटरनॅशनलच्या फीपोटी दादाच्या पगाराचा पाचवा हिस्सा जाणार, कारण कंपनी एक पैसा देत नाहीये. त्या पैशात दरवर्षी बदलापूरची एक फेरी होईल. आजी-आजोबांशी मराठी बोलणं ही काय कमी शाळा आहे?

तुम्ही म्हणाल, सगळं गोड-गोडच सांगतोय. नाही. तोटे आहेत आणि खरे आहेत. पहिले सहा महिने पोरगी मुकी होईल. जपानी शिकवायला मदत मिळते, पण वॉर्डागणिक, शाळेगणिक कमी-जास्त. वेगळ्या दिसणाऱ्या पोराला त्रास देणारे तिथेही असतात. सक्ती नसल्यामुळे मुलं फटीतून गळतात : 2019 मध्ये जपान सरकारने पहिल्यांदा देशभर मोजलं, तेव्हा सुमारे 20 हजार परदेशी मुलं बहुधा कुठल्याच शाळेत नव्हती. आणि मूल बारा-तेराचं असेल तर मी स्वतःच म्हणेन, इंटरनॅशनल घ्या. नववीनंतर हायस्कूलची प्रवेशपरीक्षा जपानीतून, ती भिंत दोन वर्षांत चढता येत नाही. पण सातव्या वर्षी? सातव्या वर्षी भाषा शिकत नाहीत, ती अंगाला लागते.

"आणि मराठी?" आई मधेच म्हणाली. तिचं बरोबर आहे. शेजारी उल्हासनगरात बघा. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी मंडळींची नातवंडं आज हिंदी-इंग्रजीत फाडफाड बोलतात, पण आजोबांची सिंधी लिपी वाचणारं त्यांच्यात क्वचित सापडतं. भाषा अशी जाते. पण इंटरनॅशनल शाळेत तरी मराठी कोण वाचवणार होतं? ते काम घरचं, दोन्हीकडे.

फी मोठी म्हणजे शाळा चांगली, नाव मोठं म्हणजे पोर सुरक्षित, हे निदान बदलापूरकराने तरी म्हणू नये. 20 ऑगस्ट 2024 ला आपल्या स्टेशनात लोक रुळांवर का उतरले होते? नामांकित शाळा होती ना ती? शाळा आत जाऊन, प्रश्न विचारून बघायची असते.

आणि एक उदाहरण. योगेंद्र पुराणिक, मूळचे आपल्या अंबरनाथचे. विद्यार्थी म्हणून जपानला गेले, मग आयटीत नोकरी. 2019 मध्ये एदोगावा वॉर्डाच्या निवडणुकीत 6,477 मतं घेऊन निवडून आले. 2023 मध्ये इबाराकीतल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. अंबरनाथचा माणूस जपानी सरकारी शाळा चालवू शकतो आणि आपली पोरगी तिच्यात शिकू शकत नाही?

दादा शेवटी चिडून म्हणाला, "तुला पोरं झाली की बोल." मान्य. मुकी होणारी पोरगी माझी नाहीये, रात्री तिला जवळ घेऊन बसायचं कामही माझं नाही. म्हणून एवढंच मागितलं : फॉर्म भरायच्या आधी वॉर्ड ऑफिसात जा, जवळची शाळा बघा, जपानी शिकवायला आठवड्याला किती तास माणूस येतो ते विचारा, त्रास झाला तर कोणाशी बोलायचं ते विचारा. उत्तरं वाईट आली तर खुशाल इंटरनॅशनल घ्या, मी गप्प बसेन.

वहिनी इतका वेळ गप्प होती. भांडी उचलता उचलता म्हणाली, "भावोजी, तिला खाली खेळायला मैत्रीण कुठल्या शाळेमुळे मिळेल, तेवढं सांगा."

दादा काही बोलला नाही. आता पुढच्या रविवारी बघू.