सालोमालोंचे कारखाने

तुकोबांचे अभंग उचलून त्यांवर स्वतःची नाममुद्रा ठोकणारा सालोमालो महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे. १९३६ साली प्रभातने 'संत तुकाराम' पडद्यावर आणला, तेव्हापासून तर त्याचा चेहराही ओळखीचा झाला. पण त्या सालोमालोला 'सदर रचना याने स्वतः केली आहे' असे सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र कुणा गुरुजींनी दिले नव्हते! आमची महाविद्यालये ते गठ्ठ्याने देतात.

पदवीच्या पर्यावरण विषयाचा एक प्रकल्प आमच्यासमोर पडला आहे. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, मुखपृष्ठावर रंगीत पृथ्वी. विद्यार्थी बीडचा, विषय मुळा-मुठेचे प्रदूषण. स्वतःच्या शहरातून बिंदुसरा वाहते, तिच्याकडे बघायला याला सवड झाली नाही. आत 'सर्वेक्षण केलेली कुटुंबे : ५०'. त्याच वर्गातल्या दुसऱ्या प्रकल्पातही ५० कुटुंबे, तीच टक्केवारी, आणि 'प्रदुषण' लिहिताना चुकलेला ऱ्हस्व उकारसुद्धा तोच. ऋणनिर्देशात सरांच्या अमूल्य मार्गदर्शनाचे आभार, तेही उचललेले! शेवटी प्रमाणपत्र : विद्यार्थ्याने हा प्रकल्प स्वतः पूर्ण केला आहे. खाली प्राध्यापकांची सही. पोराने चोरी केली, कबूल. खोटी साक्ष कुणी दिली?

हा रोग महाविद्यालयात लागत नाही. 'माझा आवडता पक्षी' फळ्यावर लिहून देणारे, सगळ्या वर्गाला मोरच आवडला पाहिजे असा दंडक घालणारे आणि कावळ्यावर मनाने चार ओळी लिहिणाऱ्याचे गुण कापणारे शिक्षकच आहेत. शाळेत गाईड म्हणजे पुस्तक, पीएच.डी.ला गाईड म्हणजे माणूस. मधल्या पंधरा वर्षांत मुलगा फक्त उतरवून काढायला शिकतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलात तर संशोधकाची नोंदणीच रद्द. झाले! आमच्या विद्वानांनी त्यातला फक्त दहाचा आकडा पाठ केला, जणू सरकारने चोरीला दहा टक्के सूट जाहीर केली. त्याच नियमांत विद्यार्थ्यांना श्रेय कसे द्यावे हे शिकवा, दर सत्रात जागृतीचे कार्यक्रम घ्या, असेही बजावले आहे. ते पान कुणी उलटले? आणि शब्दाला शब्द जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचे काय सांगता! इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला की त्याच्या डोळ्यांत सहज धूळ जाते. आता तर चॅटजीपीटी मागाल तेवढी पाने ताजी ताजी वाढून देते.

'वर्गात शंभर-सव्वाशे पोरे, वर निवडणुकीची कामे, कधी वाचणार?' हे रडगाणे आम्ही ऐकून आहोत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांच्या तोंडी ते खरेही आहे. मग चाळीस पानांचा प्रकल्प मागता कशाला? चार पाने मागा, पण वाचा! दरवर्षी तेच दहा विषय नोटीस बोर्डावर डकवणे बंद करा. मुलाच्या गल्लीतली कचराकुंडी, बापाचे बोअरवेल, आजीच्या तोंडची दुष्काळाची हकिगत असे विषय द्या; ते कोणत्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतात ते पाहू. कच्चा खर्डा मागा, खाडाखोडीसकट. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर अवतरणचिन्ह कुठे द्यायचे, पुस्तक मिटून तेच आपल्या शब्दांत कसे मांडायचे, हे एक तास फळ्यावर करून दाखवा. आम्हाला तर दाट शंका आहे की पुष्कळांना ते स्वतःलाच येत नाही.

आणि पुढल्या प्रमाणपत्रावर पेन टेकवण्याआधी त्या पोराला समोरच्या खुर्चीवर बसवा, फाईल बंद करा आणि विचारा : बाळा, ही ५० कुटुंबे कोणत्या गल्लीत राहतात?